झील कोण धरणार

पहिल्या दिवशी दुपारी दोनपर्यंत टेपवर एकूण अकरा सेकंद गाणं आलं होतं. त्यातले चार सेकंद खोकला होता.

मी ते वहीत लिहिलं. सगळंच लिहायची मला सवय होती. बी.एस्सी. फिजिक्स होऊन सहा महिने झाले होते आणि तेव्हापासून मी दत्तामामाच्या रेकॉर्डिंग मशीनवर बसत होते. दौंड स्टेशनसमोर मामाचं कॅसेटचं दुकान आणि वर पत्र्याखाली ही खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, खिडकीवर दोन गोधड्या. तरी मालगाडी गेली की माईकचा स्टँड थरथरायचा. म्हणून मी गाड्यांचं वेळापत्रक भिंतीला लावलं होतं आणि दोन गाड्यांमधल्या मोकळ्या वेळा लाल पेन्सिलीनं रंगवल्या होत्या. सगळ्यांत मोठी वेळ एकोणीस मिनिटांची होती. ती त्या दिवशी भांडणात गेली.

साल १९९९. चंपाषष्ठी तेरा दिवसांवर आली होती. जेजुरीच्या यात्रेत कॅसेट विकायची तर शुक्रवारी मामाला मास्टर टेप घेऊन पुण्याला जायला हवं होतं. गुरुवारी आमच्याकडे दिवसभर लाइट नसायची. म्हणजे हातात मंगळवार आणि बुधवार. या दोन दिवसांत, जे आयुष्यात कधी एका सतरंजीवर बसून गायले नव्हते अशा दोघांनी आठ गाणी एकत्र गायची होती.

एक होते वडगाव रासाईचे कोंडिबा शेंडगे. सगळे त्यांना आबा म्हणत. धनगरी ओव्यांत त्यांचं नाव मोठं. साठी उलटलेली, पण आवाज असा की माईक दोन हात लांब ठेवावा लागे. त्यांच्या नऊ कॅसेटी निघाल्या होत्या. दुसऱ्या केडगावच्या कस्तुराबाई, जागरणाची गाणी म्हणणाऱ्या. वय चाळिशीत, सात कॅसेटी. यात्रेत शेजारशेजारच्या दुकानांत दोघांच्या कॅसेटी एकाच वेळी वाजायच्या आणि मधे उभं राहिलेलं गिऱ्हाईक कानावर हात ठेवायचं. मामा तीन वर्षं दोघांच्या मागे लागला होता. खंडोबाच्या दोन बायकांचं, म्हाळसेचं आणि बाणाईचं भांडण गायचं. बाणाई धनगराची लेक, म्हणून तिची बाजू आबांनी, वाण्याघरच्या म्हाळसेची कस्तुराबाईंनी. लोक उड्या मारतील, असं मामाचं म्हणणं.

अडलं होतं ते झिलीवर.

या गाण्यांत गाणारा एक ओळ म्हणतो आणि शेवटचा सूर वर नेऊन सोडतो. त्याच्या मागे बसलेला झीलकरी तो सूर उचलतो आणि लांबवत नेतो. तेवढ्यात गाणारा दम खातो, पुढची ओळ आठवतो. दोघंही आपापले झीलकरी घेऊन आले होते. पण मामाला हवं होतं वेगळंच: आबांच्या ओळीची झील बाईंनी धरायची, बाईंच्या ओळीची आबांनी.

"आपण कुणाची झील धरत न्हाई," आबा म्हणाले.

"मग मी धरते व्हय?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"अहो आबा, एका सुराचा तर प्रश्न—"

"सुराचा न्हाई, दत्तोबा. झील धरली की मानूस मागं बसतो. मी चाळीस वर्सं म्होरं बसलोय."

"म्होरं बसून बसून सतरंजीला भोक पडलं," तुणतुण्याची खुंटी पिळत कस्तुराबाई म्हणाल्या.

आबांचा पुतण्या मच्छिंद्र ढोलावर होता, त्यांची झीलही तोच धरायचा. तो फिसकन हसला. आबांनी नुसतं वळून पाहिलं, तसा तो ढोलाच्या दोऱ्या तपासायला लागला.

"भोक पडलं तरी जागा आमचीच हाय," आबा म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या तुमची. आमी काय उचलून नेतोय का?"

मामा जिन्यावरून खाली-वर करत होता. दर वेळी चहा सांगायचा आणि दर वेळी स्वतःचा कप अर्धा टाकून परत उठायचा. मी वेळापत्रकाकडे बघत होते. तीन दहाची गाडी गेली की बारा मिनिटं मिळणार होती. मी म्हणाले, "मामा, ज्याची झील त्याच्याच माणसांनी धरू दे. आपण ओळी तरी घेऊ."

दोघंही ताबडतोब कबूल झाले. कस्तुराबाई तर इतक्या चटकन, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आमच्या मशीनला चार ट्रॅक होते, म्हणजे चार माईकचे आवाज चार वेगळ्या पट्ट्यांवर उतरायचे आणि नंतर हवा तो कमी-जास्त करता यायचा. मी एक माईक आबांना दिला, एक कस्तुराबाईंना, एक वाद्यांना आणि चौथा झिलीला. कस्तुराबाईंची झील त्यांची नणंद अनसाबाई धरायच्या. दोघी वीस वर्षं एकत्र होत्या. अनसाबाई गाण्याशिवाय फारसं तोंड उघडायच्या नाहीत.

"आमी दोघी एकाच माईकवर गातो," कस्तुराबाई म्हणाल्या.

"वेगळा घेतला की आवाज स्वच्छ येतो, बाई."

"सात कॅसेटी एकाच माईकवर झाल्यात. घाण आल्या का?"

मी त्यांना ट्रॅक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. कस्तुराबाईंनी अनसाबाईंकडे बघितलं, मग म्हणाल्या, "घे बाई. तुझं मशीन, तुझं राज्य."

संध्याकाळी पाचपर्यंत दोन गाणी झाली. मामानं ती ऐकली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"एका स्टँडवर दोन एसट्या उभ्या कराव्यात तसं झालंय. एक शिरूरला चाललीय, एक बारामतीला. भांडण कुठाय ह्यात?"

सगळे उद्या नऊचं ठरवून निघून गेले. मी एकेक ट्रॅक वेगळा लावून तपासत बसले, कारण तसंही मला घरी जाऊन चैन पडणार नव्हतं.

कस्तुराबाईंचा ट्रॅक लावला तेव्हा वाटलं, मशीन बिघडलं. त्यांची ओळ वर चढत जायची आणि वरच्या 'सा'ला पोचायच्या अगदी आधी आवाज बंद. पुढं नुसती हवा. मी चौथा ट्रॅक लावला. तो वरचा सूर तिथं होता, पूर्ण, खणखणीत. अनसाबाईंचा. त्या झील धरत नव्हत्या. कस्तुराबाई सोडायच्या अर्धी मात्रा आधीच त्या सुरावर येऊन थांबत होत्या. दोन्ही ट्रॅक एकत्र लावले की कुठंही सांधा दिसत नव्हता. एका माईकवर तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

खाली जाऊन मी दुकानातून त्यांची ९४ सालची कॅसेट आणली. त्यात सूर त्यांचाच होता. त्या वर जाऊन थांबायच्या, आणि मग मागून झील यायची.

मी वहीत लिहिलं: 'दोन गाणी, चोवीस जागा. चोवीसही जागी वरचा सा अनसाबाईंचा.'

शोध लागल्याचा मला आनंद झाला, हे कबूल करते. दुसरा विचार यायला काही मिनिटं गेली. आबांची प्रत्येक ओळ त्याच वरच्या 'सा'वर संपते. त्यांची झील धरायची तर कस्तुराबाईंना थेट तिथूनच सुरुवात करावी लागणार. आबा नाही म्हणत होते ते मानासाठी. त्या नाही म्हणत होत्या भीतीनं. दोघांचं वाक्य मात्र एकच होतं.

बुधवारी मी आठला खोली उघडली, तर कस्तुराबाई जिन्यात बसलेल्या. अनसाबाई दोन पायऱ्या खाली.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "हो."

"वाटलंच. काल तुझी मान मशीनवर अशी वाकलेली दिसली, म्हनलं हिच्या हाती लागलं." त्यांनी पदराआडून गळ्यावरून हात फिरवला. "गाठ हाय. पुण्याच्या डॉक्टरनं चंपाषष्ठी झाल्यावर कापायची म्हनून तारीख दिलीया. मग आवाज ऱ्हायला तर ऱ्हायला."

"मग आत्ता कशाला गाताय? डॉक्टर काय म्हणाले?"

"गाऊ नका म्हनला. त्याला काय, तो बोलनारच. त्याचं दुकान हाय ते."

"वैनी, सांग तिला," खालून अनसाबाई म्हणाल्या.

कस्तुराबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. मग त्यांनी सांगितलं. वीस वर्षांपूर्वी एका जत्रेत त्यांनी पहिल्यांदा स्वतःचा फड लावला होता. समोर कोंडिबा शेंडगे बसले होते. पहिलं गाणं झालं आणि शेंडग्यांनी माईक मागून घेतला. म्हणाले, आवाज ब्येस हाय, पण बाईमानसानं झील धरावी, फड धरू नये.

"आख्खी जत्रा हसली. माझा नवराबी हसला. तवापासनं मी कुणाची झील धरली न्हाई." त्या उठून उभ्या राहिल्या. "मला एकदा शेंडग्यानं माझी झील धरलेली पायजे. टेपवर. एकच गानं. तेवढ्यासाठी दत्ताला व्हय म्हनले. पन त्याला हे कळायला नको. आवाज गेलाय म्हनून धरली तर ती झील न्हाई, भीक हाय."

"नाही सांगणार."

"आईची आन घे."

मी घेतली. मग एक उपाय सुचला म्हणून सांगितला: दोघंही पेटीच्या काळी चारच्या पट्टीत गातात, सगळं गाणं काळी दोनला आणलं तर वरचा सूर खाली येईल आणि त्यांना कदाचित झेपेल. त्यांनी तिथंच, जिन्यात, हळू आवाजात गुणगुणून पाहिलं. सूर लागला. फाटका, पण लागला.

"जमंल. पन शेंडग्याला पट्टी उतरवायला कोन सांगनार?"

"मी सांगते."

"काय सांगशील?"

"काहीतरी टेक्निकल सांगते."

नऊ वाजता आबा आले. पटका, काठी, मागे ढोल घेऊन मच्छिंद्र. मी त्यांना सांगितलं की वरच्या पट्टीत माईक फाटतोय, तर आज दोन पट्ट्या खाली गाऊ या.

"काल न्हाई फाटला."

"आज हवेत दमटपणा जास्त आहे. दमट हवेत आवाजाचा वेग बदलतो, त्यामुळे—"

"किती बदलतो?"

आकडा मला माहीत होता आणि तो इतका क्षुल्लक होता की सांगताना माझीच जीभ अडखळली. आबा माझ्याकडे बघत राहिले. नंतर त्यांनी खोलीत नजर फिरवली. कस्तुराबाई तुणतुणं लावत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"पोरी, तू कुनाची?"

"दत्तामामांची भाची."

"दत्ता सकाळपासनं धा वेळा खोटं बोलतो, त्याच्या कपाळाला घाम येत न्हाई. तुला आला," असं म्हणून ते उठले. "जरा तंबाखू घिऊन येतो."

ते गेले ते गेलेच. मामा खिडकीतली गोधडी बाजूला करून बघायला लागला. "टपरीवर हायेत. पान खात न्हाईत, तंबाखू घेत न्हाईत. नुसतेच उभे. काय म्हणालीस गं त्यांना?" मच्छिंद्रनं ढोल चारदा आवळला आणि चारदा सैल केला. दहा पाचची मोकळी वेळ गेली. दहा पस्तीसची पण गेली. कस्तुराबाईंनी मला डोळ्यांनी विचारलं आणि मी मान हलवली, नाही, काही बोलले नाही.

अकराच्या सुमाराला जिना वाजला. आबा आत आले, सतरंजीवर मांडी घातली, पटका नीट केला.

"पट्टी हाय तीच ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मी धरतो बाईंची झील."

मामा दारातच थांबला. मच्छिंद्रनं चुलत्याकडे असं पाहिलं, जसं काही आबांनी मिशी काढून ठेवली. मला मात्र एवढंच कळत होतं की पट्टी काळी चारच राहिली, झील आबा धरणार म्हणजे अनसाबाईंना बाजूला बसावं लागणार, आणि कस्तुराबाईंना आता माघार घेता येणार नाही. हवं ते समोर आलं होतं आणि त्यासाठी लागणारा सूर त्यांच्याकडं नव्हता.

"घ्या," त्या म्हणाल्या.

अकरा चाळीसला पॅसेंजर गेली. मी बोट वर केलं, मशीन सुरू केलं. ढोल, मग तुणतुणं, मग कस्तुराबाई.

*म्हाळसा गं बोलली, आलं कोन दारी*
*अंगाला मेंढीचा वास येतोय भारीऽऽ*

आवाज चढायला लागला. माझी नजर मशीनवरच्या, आवाज मोजणाऱ्या काट्यावर होती. आता तो काटा खाली पडणार, खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकू येणार. काटा पडला नाही. जिथं कस्तुराबाई सुटायच्या तिथं आबांचा आवाज आधीच होता. अर्धी मात्रा आधी, केसाचीही फट न ठेवता. पुढच्या ओळीला तसंच. त्याच्या पुढच्या ओळीलाही. आबांचा मोठा आवाज असा दबून, असा सांभाळून येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. मच्छिंद्र डोळे मिटून वाजवत होता. मामा जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

चौथ्या ओळीनंतर कस्तुराबाईंनी तुणतुण्याच्या तारेवर हात ठेवला.

"थांबा."

ढोल थांबला. मशीन चालूच होतं. ते बंद करायचं मला सुचलं नाही.

"शेंडगे, झीलकरी सूर कवा उचलतो?"

"गानाऱ्यानं सोडल्यावर."

"आन् तुमी कवा उचललात?"

आबांनी काठी जवळ ओढली.

"म्या सोडायच्या आधी. म्या कुठं सोडनार ते तुमाला ठाऊक होतं." त्या माझ्याकडे वळल्या. "सांगितलंस ना? आईची आन घिऊन सांगितलंस."

"नाही हो बाई, खरंच—"

"तिला कशाला बोलता?" आबा म्हणाले. "ती काय सांगनार मला? वरच्या सुराला तुमच्या गळ्याची ही शीर उभी ऱ्हायची." त्यांनी स्वतःच्या मानेवर बोट ठेवलं. "जेजुरीला म्होरं बसून बघितलीया मी. तीन वर्सं झाली, सूर येतो आन् शीर उभी ऱ्हात न्हाई. मग सूर कुनाचा ते कळाया काय लागतंय?"

माझी वही मांडीवर उघडी होती. मी ती मिटली.

"तीन वर्सं," कस्तुराबाई म्हणाल्या. "तीन वर्सं म्होरं बसून माना हलवत होता."

"व्हय."

"कुनाकुनाला सांगितलंत?"

"कुनाला सांगू? मच्छिंद्राला? त्यो उद्या गावभर ढोल वाजवंल." मच्छिंद्र पुन्हा दोऱ्या तपासायला लागला.

"मग काल का न्हाई धरली झील? काल मोठं सांगत होता, म्होरं बसतो म्हनून."

"काल धरली असती तर तुमाला कळलं असतं, जसं आज कळलं." आबांनी काठी सतरंजीवर आडवी ठेवली. "आज ही पोर म्हनाली माईक फाटतोय. म्हनलं, हिच्याबी ध्यानात आलं. म्हंजी ह्या आवाजाचं आता दिस थोडं ऱ्हायल्यात. म्हनून धरली."

कस्तुराबाई उठल्या आणि जिना उतरून गेल्या.

मी हेडफोन टाकून मागे धावले. त्या दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसल्या होत्या, समोर स्टेशनचा पूल, रिक्षावाल्यांची ओरड. केडगावकडे जाणारी गाडी पावणेएकला होती. मी ते सांगितलं नाही.

"वीस वर्सं हेच मागत होते बघ," त्या म्हणाल्या. "आन् मिळालं कसं? लंगड्याला काठी द्यावी तसं."

"पण बाई, टेपवर ते फार सुंदर आलंय. ऐकणाऱ्याला काहीच कळणार नाही. आबांनी तुमची झील धरली एवढंच कळेल."

"मला कळनार की."

एक मालगाडी गेली. बावन्न डबे. डबे मोजायची माझी सवय त्या वेळीही सुटली नाही. ती संपेपर्यंत काही बोलता येत नव्हतं. मी सकाळी पट्टीचा उपाय सांगितला नसता, तर हे एवढं झालंच नसतं, असं सारखं मनात येत होतं.

"ते पुसता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं. त्याच टेपवर दुसरं गाणं भरलं की आधीचं जातं."

"परत न्हाई येत?"

"नाही."

त्या उठल्या. जिना चढताना मध्येच थांबून त्यांनी दम घेतला.

वर सगळे होते तसेच बसले होते. कस्तुराबाई आपल्या जागेवर बसल्या, माईक थोडा खाली ओढला. छातीपर्यंत. मला वाटलं, चुकून.

"शेंडगे, तुमी बानाईचं म्हना. झील मी धरते."

"वैनी!" अनसाबाई म्हणाल्या. दोन दिवसांत त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

"तू गप. पट्टी तीच."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, नगा. वर जायचंय त्याला."

"तुमी जावा की वर. तुमाला कोन नगं म्हनलंय?" आणि मला: "आधीच्याच्यावर घे."

मामा माझ्या कानाशी आला. "ड्रॉवरमधे कोरी टेप आहे. ती लाव. तिला काय कळतंय." होती. मला दिसतही होती, पांढऱ्या वेष्टनात. ज्या चार ओळींसाठी एक बाई वीस वर्षं थांबली, त्या चार ओळी माझ्या बोटाखाली होत्या आणि त्या जगात दुसरीकडे कुठंही नव्हत्या. मी टेप त्या ओळींच्या सुरुवातीला आणली. कस्तुराबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मी त्याच टेपवर रेकॉर्डचं बटण दाबलं.

आबांनी कानावर हात ठेवला.

*वास मोजाया बसली वान्याची गं पोर*
*ताजव्यात मावंना माझा मल्हारी थोरऽऽ*

'थोर'वर आवाज वर गेला, पत्र्याला लागला आणि त्यांनी सोडला. अर्धी मात्रा काहीच नाही. अनसाबाईंनी तोंड उघडलं होतं. आवाज काढला नाही.

मग खालून सूर आला.

तोच 'सा', एक सप्तक खाली. वरच्या सुराची कंपनं सेकंदाला चारशे पंधरा, या सुराची त्याच्या निम्मी. कागदावर एवढाच फरक. पण बाईचा तो आवाज त्या खोलीत कुणी कधी ऐकला नव्हता. जात्याच्या खालच्या तळीसारखा जड, त्यात गाठीची खरखर, आणि तरीही सरळ. झीलकरी वरच्याच सुराला चिकटून जातात, खालून कुणी धरत नाही. हा सूर छातीतून येत होता; माईक तिथंपर्यंत खाली का ओढला होता ते तेव्हा मला कळलं. त्यांनी सूर लांबवला. ठेक्याचं एक आवर्तन पूर्ण झालं, ढोलानं समेवर थाप दिली, आता आबांनी दुसरी ओळ उचलायची.

आबांनी उचलली नाही. ते कस्तुराबाईंकडे बघत होते, तोंड थोडं उघडं. मच्छिंद्र घाबरून तोच ठेका वाजवत राहिला. आणखी एक पूर्ण आवर्तन गेलं आणि त्या सगळ्या वेळात टेपवर एकट्या कस्तुराबाई होत्या. मग आबा जागे झाल्यासारखे पुढच्या ओळीवर आले.

गाणं संपल्यावर मामा म्हणाला, "झकास! फक्त मधे एक आवर्तन रिकामं गेलं. आबा, तुम्ही चुकलात. एकदा परत घेऊ."

"न्हाई," दोघं एकदम म्हणाले.

"चाळीस वर्सांत पयल्यांदा चुकलोय," आबा म्हणाले. "ऱ्हाऊ दे."

"त्यांचं ते ऱ्हाऊ दे," कस्तुराबाई म्हणाल्या. "लोकांना दिसू दे म्होरं बसनारा कसा चुकतो ते."

उरलेली गाणी त्याच रीतीनं झाली. आबांच्या ओळींना खालून कस्तुराबाई, आणि कस्तुराबाईंच्या ओळींना उघडपणे, समोर बसून, अनसाबाई. मधे दोनदा कस्तुराबाईंचा आवाज पार बसला. त्या गरम पाणी प्यायल्या, भिंतीला टेकून बसल्या, गाड्या जाऊ दिल्या आणि पुन्हा गायल्या. पाचला आठवं गाणं संपलं. आबांनी झील धरलेल्या त्या चार ओळी आता कुठंच नव्हत्या.

"ऐकताय ना?" मी हेडफोन पुढे केला. प्रत्येक गाणारा ऐकतोच. काही जण तर तीन-तीनदा.

कस्तुराबाई तुणतुणं पिशवीत घालत होत्या. "नको. ऐकलं की परत गावंसं वाटतं."

दोघी निघाल्या. दारात त्यांनी आबांकडे वळून हात जोडले. आबांनी पण जोडले. मच्छिंद्र ढोल घेऊन खाली रिक्षा बघायला गेला.

आबा मात्र उठले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला हेडफोन घेतला, पटका काढून बाजूला ठेवला आणि तो कानांवर चढवला.

"माझा आवाज बंद करता येतो?"

"येतो."

"कर बंद. ढोलबी बंद कर. तिचाच लाव."

मी तिन्ही बटणं खाली ओढली आणि दुसरा ट्रॅक तेवढा ठेवला. टेप फिरायला लागली. मला काही ऐकू येत नव्हतं. मी नुसता काटा बघत होते. तो शून्यावर पडून होता, मग जरासा हलला, आणि मग सावकाश चढून एका जागी स्थिर राहिला. आबांनी बोट वर केलं.

"हितं श्वास घेतलाय. त्याच्या आधीपासनं लाव."

मी टेप मागे घेतली. खालून मच्छिंद्र हाक मारत होता की रिक्षावाला थांबायला तयार नाही. आबांच्या कानांवर हेडफोन होता.

"परत," ते म्हणाले.